सावलीचे पट्टे, सुटलेले पाय आणि वळवळणाऱ्या कडा: बायसला हात लावण्याआधी टेक्सेल मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. थ्रीडी गेममधल्या उघड्या मैदानाचा सीन, प्रकाश एकच, तो सूर्याचा आणि क्षितिजापासून ३० अंशांवर. शॅडो मॅप (सूर्याकडून दिसणाऱ्या अंतरांचं चित्र) २०४८ × २०४८ टेक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या तेवढ्या चौकटींचा, त्यात ४०० × ४०० मीटरचा परिसर, सूर्याच्या ऑर्थोग्राफिक (समांतर किरणांच्या) प्रोजेक्शनची खोली ५०० मीटर, फिल्टर ३ × ३ पीसीएफ, म्हणजे शेजारच्या नऊ जागी तुलना करून घेतलेली सरासरी. बायस, म्हणजे अंतरांच्या तुलनेत दिलेली सूट (खोलीच्या अपूर्णांकात), ०.०००५ ठेवला की जमिनीवर काळे पट्टे उमटतात. ०.००२ केला की पट्टे जातात, पण पात्राची सावली पायांपासून सुटते. कॅमेरा हलला की सावल्यांच्या कडा वळवळतात ते वेगळंच. मग बायस नेमका किती ठेवायचा?

या मांडणीत कुठलाच आकडा बसणार नाही. पांघरूणच आखूड आहे. डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडणार. पट्टे हे बायस कमी असल्याचं लक्षण वाटतं, पण मूळ दुखणं टेक्सेल फार मोठा असल्याचं आहे. बायस वाढवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून आधी टेक्सेल लहान करायचा, मग तो जागेवर स्थिर करायचा, त्यानंतर बायस ठरवायचा आणि फिल्टरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. हा क्रम उलटा केला की प्रत्येक दुरुस्ती आधीची दुरुस्ती बिघडवते.

पट्टे का येतात ते तुमच्याच आकड्यांवर बघू. शॅडो मॅपिंगची कल्पना लान्स विल्यम्सने १९७८ साली मांडली आणि गाभा अजून तोच आहे: सूर्याच्या जागी कॅमेरा ठेवून अंतरांचा एक फोटो काढायचा, मग पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला विचारायचं, सूर्याकडून तुझं अंतर फोटोतल्या अंतरापेक्षा जास्त आहे का? जास्त असेल तर मधे काहीतरी आडवं आलंय, म्हणजे सावली. अडचण अशी की फोटोतल्या एका टेक्सेलमध्ये अंतराचा एकच आकडा मावतो. तुमचा टेक्सेल ४०० ÷ २०४८ म्हणजे १९.५ सेंटिमीटरचा आहे. सूर्य तिरका असल्यामुळे जमिनीवर, सूर्याच्या दिशेने, तो ३९ सेंटिमीटर लांब पसरतो. एवढ्या जमिनीसाठी एकच अंतर नोंदलं गेलं. उतारावर पायऱ्या खोदल्या की पायरीचा अर्धा भाग मूळ उताराच्या वर राहतो आणि अर्धा खाली जातो, तसंच इथे होतं. जमिनीचा जो अर्धा भाग पायरीपेक्षा सूर्यापासून लांब पडतो, तो स्वतःलाच सावलीत समजतो. हेच पट्टे, म्हणजे शॅडो ॲक्ने.

किती बायस लागेल याचं गणित साधं आहे. टेक्सेलची रुंदी w, फिल्टर मध्यापासून किती टेक्सेल लांबवर पोचतो तो आकडा r आणि पृष्ठभागाचा नॉर्मल (त्याला लंब असलेली दिशा) व प्रकाशाची दिशा यांतला कोन θ. लागणारा बायस = r × w × टॅन θ. सूर्य ३० अंशांवर आहे, म्हणजे सपाट जमिनीसाठी θ ६० अंश आणि टॅन θ १.७३. एकाच टॅपने, म्हणजे मॅपमधून एकदाच, वाचलं तर r अर्धा, म्हणजे १७ सेंटिमीटर पुरतात. मॅपचे अक्ष सूर्याच्या दिशेशी तिरके असतील तर २४. तुमचा ०.०००५ म्हणजे ५०० मीटरच्या खोलीत २५ सेंटिमीटर. पीसीएफ बंद करून बघा: जमिनीवरचे पट्टे जवळपास जातील आणि कडा करवतीसारख्या दिसतील. पण ३ × ३ पीसीएफमध्ये प्रत्येक टॅप हार्डवेअरच्या बायलिनियर (शेजारच्या चार टेक्सेलच्या) तुलनेने वाचला जात असेल तर r २ होतो. १९.५ × २ × १.७३ झाले ६८ सेंटिमीटर, आणि कोपऱ्यातला टॅप धरून १.४ ने गुणलं की ९६. तुमचा ०.००२ म्हणजे बरोबर एक मीटर. तो आकडा चाचपडत सापडला असला तरी गणिताने तिथेच पोचतो.

आता त्या एका मीटरची किंमत बघा. सावली पडायला जमिनीचा बिंदू आणि अडवणारी वस्तू यांच्यात प्रकाशाच्या रेषेवर एक मीटरपेक्षा जास्त अंतर हवं. सूर्य ३० अंशांवर असताना ही अट पायांपासून ८७ सेंटिमीटर दूर गेल्यावर पूर्ण होते. गुडघ्याखालचा सगळा भाग सावलीच पाडत नाही आणि पात्र तरंगल्यासारखं दिसतं. यालाच पीटर पॅनिंग म्हणतात.

टेक्सेल लहान करणं

मॅप ४०९६ चा केला तर टेक्सेल निम्मा होतो, मेमरी चौपट. सौदा वाईट. त्यापेक्षा कॅमेऱ्यासमोरचा परिसर तुकड्यांत वाटा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा मॅप द्या, म्हणजेच कॅस्केड. सीमा कुठे घ्यायच्या यासाठी लॉगरिदमिक आणि समान अशा दोन वाटण्यांचं मिश्रण वापरतात. निअर (कॅमेऱ्याची सर्वात जवळची मर्यादा) ०.५ मीटर, फार (सर्वात दूरची) २०० मीटर, चार कॅस्केड आणि मिश्रणात लॉगरिदमिकचा वाटा ०.९ धरला तर सीमा साधारण ७, १९, ५५ आणि २०० मीटरवर येतात.

उभा दृष्टिकोन ६० अंश आणि पडदा १६:९ असेल तर प्रत्येक तुकड्याला वेढणाऱ्या गोलाची त्रिज्या तुकड्याच्या शेवटच्या अंतराच्या १.१८ पट येते. त्यावरून २०४८ च्या मॅपमध्ये टेक्सेल असे पडतात: पहिल्यात ८ मिलिमीटर, दुसऱ्यात २.२ सेंटिमीटर, तिसऱ्यात ६.४, चौथ्यात २३. चौथ्याचा टेक्सेल तुमच्या आत्ताच्या टेक्सेलपेक्षा मोठा आहे हे खरं, पण २०० मीटरवर १०८० ओळींच्या पडद्याचा एक पिक्सेलच २१ सेंटिमीटर जमीन झाकतो. त्याहून बारीक सावली तिथे दिसणारच नाही. पायाशी मात्र १९.५ सेंटिमीटरचे ८ मिलिमीटर झाले. बायसची गरज त्याच प्रमाणात उतरली: ९६ सेंटिमीटरवरून ४ वर.

मेमरी ३२ बिटांत एकूण ६४ मेबीबाइट लागते, १६ बिटांत निम्मी. १६ बिट वापरायचे असतील तर एक हिशोब करून घ्या. ५०० मीटर खोली ६५,५३६ पायऱ्यांत वाटली की एक पायरी ७.६ मिलिमीटरची होते. दूरच्या कॅस्केडला ते चालतं, पहिल्या कॅस्केडमध्ये मात्र ती टेक्सेलएवढीच झाली. तिथे खोली आवळून १०० मीटरवर आणा, पायरी दीड मिलिमीटर होईल.

खोली आवळताना हमखास एक चूक होते. सूर्य आणि कॅस्केड यांच्या मधे उभं असलेलं उंच झाड निअर प्लेनच्या मागे राहतं, क्लिप होतं (कापलं जातं) आणि त्याच्या सावलीला भोक पडतं. उपाय म्हणजे शॅडो पासमध्ये (मॅप काढण्याच्या फेरीत) डेप्थ क्लॅम्प चालू करणं. व्हल्कन या ग्राफिक्स एपीआयमध्ये (जीपीयूशी बोलायच्या आज्ञासंचात) पाइपलाइनच्या रास्टरायझेशन सेटिंगमध्ये तशी खूणच आहे. डायरेक्टथ्रीडी ११ मध्ये डेप्थ क्लिप बंद करायचं. मग मागे राहिलेली झाडं निअर प्लेनवर चपटी होतात आणि सावली शाबूत राहते. कलिंग करतानाही, म्हणजे न लागणाऱ्या वस्तू आधीच गाळतानाही, सूर्याच्या बाजूचं प्लेन तपासातून वगळायला विसरू नका, नाहीतर झाड जीपीयूपर्यंत पोचणारच नाही आणि तुम्ही क्लॅम्पमध्ये दोष शोधत बसाल.

कडांची वळवळ

वळवळीची कारणं दोन आणि दोन्ही वेगळी. पहिलं, कॅमेरा वळला की कॅस्केडची चौकट लहान-मोठी होते, म्हणजे टेक्सेलचा आकारच दर फ्रेमला बदलतो. म्हणूनच वर तुकड्याला घट्ट बसणाऱ्या पेटीऐवजी गोल घेतला. कॅमेरा कसाही फिरवा, गोलाची त्रिज्या तीच राहते. फ्लोटिंग पॉइंटच्या शेवटच्या अंकांतली थरथर जाण्यासाठी त्रिज्या वरच्या १/१६ मीटरला पूर्णांकित करा. गोलाचा बराच भाग नजरेबाहेर जाऊन मॅप वाया जातो, हे मान्य. स्थिर कडांसाठी ती किंमत मोजावी असं माझं स्पष्ट मत आहे. किंचित मऊ पण शांत कड डोळ्याला खटकत नाही, धारदार पण थरथरती कड लगेच खटकते.

दुसरं कारण, कॅमेरा सरकला की टेक्सेलची जाळी जमिनीवरून अपूर्णांकात सरकते. गोलाचा मध्य सूर्याच्या फक्त फिरवणाऱ्या मॅट्रिक्सने बदला, स्थानांतर त्यात नको. आलेले x आणि y टेक्सेलच्या रुंदीने भागा, फ्लोअर करा, परत गुणा आणि त्या बिंदूभोवती प्रोजेक्शन बांधा. आता जाळी पूर्ण टेक्सेलनेच सरकते, म्हणजे जमिनीच्या दृष्टीने ती हलतच नाही. तपासणी सोपी आहे: मॅप काही वेळ २५६ चा करा, जवळचा टेक्सेल वाचणारा सॅम्पलर लावा आणि कॅमेरा हळू चालवा. सावलीच्या पायऱ्या जमिनीला खिळे ठोकल्यासारख्या जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. सरकल्या तर गुणाकाराचा क्रम चुकलाय किंवा प्रत्येक कॅस्केडला स्वतःची टेक्सेल रुंदी न देता पहिल्याचीच दिली आहे.

सूर्य स्वतः हलत असेल तर हे स्नॅपिंग (जाळी पूर्ण टेक्सेलवर बसवणं) कामाचं नाही, कारण जाळीच फिरते. खेळातला दिवस २४ मिनिटांचा असेल तर सूर्य सेकंदाला पाव अंश सरकतो आणि प्रत्येक कड सतत थरथरते. त्यात फिरवण्याचा मध्य जगाच्या शून्य बिंदूवर आणि पात्र तिथून दोन किलोमीटरवर असेल तर जाळी पात्राखालून झपाट्याने वाहून जाते. सूर्य दर फ्रेमला न हलवता ठरावीक टप्प्यांनी हलवा, आणि शक्य असेल तर कॅमेरा फिरत असताना टप्पा घ्या. तेव्हा तो बदल नजरेत भरत नाही.

आता बायस

बायस तीन प्रकारचा असतो: स्थिर, उतारानुसार वाढणारा आणि नॉर्मलच्या दिशेने सरकवणारा. पहिले दोन ग्राफिक्स एपीआयमध्ये मिळतात. ओपनजीएलचा पॉलिगॉन ऑफसेट, व्हल्कनचा डेप्थ बायस आणि डायरेक्टथ्रीडीच्या रास्टरायझर स्टेटमधला डेप्थ बायस ही एकाच गोष्टीची नावं. त्यांत एक खाच आहे. २४ बिटांच्या पूर्णांकी डेप्थमध्ये स्थिर बायसचं एक एकक म्हणजे डेप्थच्या पूर्ण पल्ल्याचा १/२^२४ भाग. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये तेच एकक त्या त्रिकोणाच्या सर्वात मोठ्या डेप्थच्या घातांकावरून ठरतं. फॉरमॅट बदलला आणि आकडा तोच ठेवला तर पट्टे अचानक परत येतात. म्हणून बायस आधी मीटरमध्ये ठरवा, मग कॅस्केडच्या खोलीने भागून शेडरमध्ये (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) वापरा. चारही कॅस्केडना एकच अपूर्णांक दिला तर प्रत्येकाच्या खोलीप्रमाणे त्याचा अर्थ बदलतो. एका कॅस्केडमध्ये पट्टे आणि दुसऱ्यात सुटलेले पाय दिसले तर आधी इथे बघा.

उताराच्या बायसमध्ये टॅन θ आहे आणि प्रकाश पृष्ठभागाला घासून जाऊ लागला की टॅन अनंताकडे पळतो. त्याला कमाल मर्यादा घालावीच लागते, आणि मर्यादा घातली की घासत्या प्रकाशातल्या भिंतींवर पट्टे उरतात. इथे तिसरा प्रकार खरा कामाला येतो. सावली तपासण्याआधी बिंदूच नॉर्मलच्या दिशेने d इतका उचलायचा. तसं केल्याने प्रकाशाच्या रेषेवर d ÷ कॉस θ इतकी फट मिळते. आपल्याला हवी r × w × टॅन θ. म्हणजे d = r × w × साइन θ. टॅनच्या जागी साइन आला, आणि साइन कधी १ च्या वर जात नाही! पहिल्या कॅस्केडमध्ये २ × ८ मिलिमीटर × ०.८७, वर कोपऱ्याचा १.४: दोन सेंटिमीटर झाले. कोन कितीही वाईट असो, २.३ च्या वर जाणार नाही.

आणखी एक फायदा पायाशीच दिसतो. डेप्थ बायसने चूक सावलीच्या सुरुवातीला पडते, नजर जाते नेमकी तिथे. नॉर्मलने बिंदू दोन सेंटिमीटर उचलला तर उभ्या पायाची सावली पायालाच चिकटून राहते, फक्त तिचं दूरचं टोक साडेतीन सेंटिमीटरने आखूड होतं. डोक्याच्या सावलीचं टोक कुणी मोजायला जात नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचे खडे-काटक्या सावली पाडणार नाहीत. त्या स्क्रीन स्पेसमधल्या (पडद्यावरच्या चित्रावरून काढलेल्या) छोट्या कॉन्टॅक्ट शॅडोवर सोपवा.

नॉर्मल वापरायचा तो मूळ मेशचा (त्रिकोणांच्या जाळीचा), नॉर्मल मॅपमधला (बारीक उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्रातला) नाही. नॉर्मल मॅपचा घेतला तर विटांच्या भिंतीवर प्रत्येक पिक्सेल वेगळ्या दिशेने सरकतो आणि सावलीची कड कुरतडल्यासारखी दिसते. सोबत अगदी छोटा स्थिर बायस ठेवा, डेप्थच्या दोन-तीन पायऱ्यांएवढा, निव्वळ पूर्णांकनाची चूक पचवण्यासाठी. आणि नॉर्मल व प्रकाश यांचा डॉट प्रॉडक्ट शून्य किंवा त्याखाली असेल, म्हणजे पृष्ठभाग सूर्याकडे तोंड करून नसेल, तर मॅप वाचूच नका. तो भाग तसाही अंधारातच आहे.

शॅडो पासमध्ये पुढच्या बाजू टाळून मागच्या बाजू काढायचा सल्ला बरेचदा दिला जातो. बंद, जाड वस्तूंना तो चालतो, पण पानं, कापड आणि एकेरी भिंती यांना मागची बाजू वेगळी नसतेच, आणि भिंत जमिनीला टेकते तिथे उजेडाची रेघ फुटते. झाडं असलेल्या सीनमध्ये मी तो वापरू नका असंच सांगेन. घराच्या आतल्या कोपऱ्यात उजेड झिरपत असेल तर भिंत जमिनीखाली २० सेंटिमीटर उतरवा आणि छताला खरी जाडी द्या. हे काम मॉडेलिंगमध्ये पाच मिनिटांत होतं. शेडरमध्ये ते कधीच नीट होत नाही.

गोलसर वस्तूच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर त्रिकोणी ठिपके दिसले तर तो ॲक्ने नव्हे. तिथे मऊ केलेला नॉर्मल म्हणतो उजेड आहे, खरा त्रिकोण मात्र सूर्याकडे पाठ करून बसलेला असतो. मेशचे त्रिकोण वाढवा.

फिल्टर आणि कॅस्केडची शिवण

पीसीएफ १९८७ पासून आहे आणि त्याचा नियम एकच: आधी तुलना, मग सरासरी. अंतरांची सरासरी काढून एकदाच तुलना केली तर वस्तूच्या कडेला जमीन आणि वस्तू यांच्या मधलं, कुठेच नसलेलं अंतर तयार होतं. तुलना करणारा सॅम्पलर लावला की चार टेक्सेलची ही तुलना आणि सरासरी हार्डवेअर एका वाचनात करून देतं. फिल्टर मोठा केला की r वाढतो, म्हणून r बदलताच वरचं d आपोआप बदलेल असा कोड लिहा. फिल्टर ५ × ५ केला आणि पट्टे परत आले, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाताने लिहिलेला स्थिर आकडाच असतो.

फिल्टर टेक्सेलमध्ये मोजला तर कॅस्केड बदलताना मऊपणा एकदम जवळपास तिप्पट होतो आणि जमिनीवर शिवण दिसते. प्रत्येक कॅस्केडच्या शेवटच्या १० टक्क्यांत दोन्ही कॅस्केड वाचून मिसळा. मिसळणं परवडत नसेल तर पिक्सेलवार डिदर करून (ठिपक्यांसारखं विखुरून) त्यातला एकच वाचा. टीएए (आधीच्या फ्रेम मिसळून चित्र मऊ करणारं तंत्र) तो गोंगाट जिरवतो. शिवणीवर ठिपक्यांची बारीक रांग दिसत असेल तर ती वेगळ्या कारणाची असते. तुम्ही शॅडो मॅपच्या को-ऑर्डिनेट्सचे डेरिव्हेटिव्ह (शेजारच्या पिक्सेलशी असलेला फरक) कॅस्केड निवडल्यानंतर काढत आहात, आणि २ × २ पिक्सेलच्या गटातले दोन पिक्सेल वेगळ्या कॅस्केडमध्ये पडले की तो फरक भलताच येतो. डेरिव्हेटिव्ह कॅस्केड निवडण्यापूर्वी, जगाच्या मोजमापात काढा.

टीएएवर भिस्त ठेवताना एक लक्षात असू द्या: सावलीला स्वतःचा मोशन व्हेक्टर (फ्रेमगणिक हालचालीची नोंद) नसतो. जमीन स्थिर, तिच्यावरची सावली पळतेय. मागच्या फ्रेमचा रंग जमिनीच्या हिशोबाने आणला जातो आणि पळणाऱ्या सावलीमागे धूसर शेपूट उरतं. शेजारच्या ३ × ३ पिक्सेलच्या रंगमर्यादेत इतिहास दाबून धरला की शेपूट बरंच तुटतं. पण सावलीच फार गोंगाटी असेल तर ती मर्यादा रुंद होते आणि शेपूट परत येतं. फिल्टरचे टॅप वाढवून आधी गोंगाट कमी करा.

पट्टे सावलीचे आहेत ना?

हे सगळं करण्याआधी सावल्या पूर्ण बंद करून एकदा बघा. पट्टे तरीही राहिले तर ते झेड-फायटिंग आहे: दोन पृष्ठभाग एकाच खोलीवर भांडतायत आणि कॅमेरा जरा हलला की पट्ट्यांची नक्षी बदलते. २४ बिटांच्या नेहमीच्या डेप्थ बफरमध्ये z अंतरावर वेगळं ओळखता येणारं किमान अंतर साधारण z² ÷ (निअर × २^२४) असतं. निअर १ सेंटिमीटर ठेवला तर २०० मीटरवर ते २४ सेंटिमीटर होतं. निअर ५० सेंटिमीटर केला की अर्ध्या सेंटिमीटरवर येतं. निअर वाढवता येत नसेल तर ३२ बिट फ्लोट डेप्थ घ्या आणि पल्ला उलटा करा, जवळचं १ आणि दूरचं ०. तुलनेची दिशा आणि बफर पुसताना भरायचा आकडा दोन्ही बदलायचे. सूर्याच्या शॅडो मॅपला हा उलटा पल्ला लागत नाही, कारण ऑर्थोग्राफिक डेप्थ मुळातच सरळ रेषेत वाढते. तिथेही उलटा केलाच तर बायसचं चिन्ह बदला. ते राहिलं तर पूर्ण जमीन पट्ट्यांनी भरून जाते.

तपासायला रेंडरडॉक हे फ्रेम उघडून बघायचं साधन पुरेसं आहे. एक फ्रेम पकडा, शॅडो पासचा मॅप उघडा आणि डेप्थचा पल्ला सरकपट्टीने आवळा. चारही कॅस्केडमध्ये तुमचं पात्र किती टेक्सेलचं दिसतंय ते मोजा. पावणेदोन मीटरचं पात्र पहिल्यात सूर्याकडून बघताना साधारण १८५ टेक्सेल उंच यायला हवं. त्याहून फारच कमी आलं तर गोलाची त्रिज्या तपासा. बहुतेक वेळा तिथे कॅस्केडच्या शेवटाऐवजी कॅमेऱ्याचा फार गेलेला असतो, किंवा सीमांचं मिश्रण उलटं होऊन पहिला कॅस्केड सुमारे ४५ मीटरपर्यंत ताणलेला असतो.